टीम हरतेय म्हणून क्वार्टरबॅक बसवायचा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की मुलाची हायस्कूलची अमेरिकन फुटबॉल टीम (टेक्सास, ६ए म्हणजे सगळ्यात मोठ्या शाळांची श्रेणी) सीझनमध्ये १-४ आहे, म्हणजे एक जिंकली, चार हरली, डिस्ट्रिक्टमध्ये (आपल्या गटातल्या टीम्सशी) १-१, मुलगा रिसीव्हर (पास पकडणारा) आहे, स्टार्टिंग क्वार्टरबॅक (पास फेकून खेळ चालवणारा) सिनियर (शेवटच्या वर्षाचा) आहे, आणि दर शुक्रवारी स्टँडमधले निम्मे पालक "त्याला बाकावर बसवा, त्या सोफोमोर (दुसऱ्या वर्षाच्या) पोराला आणा" म्हणून ओरडत असतात, तर खरंच बसवावं का. मी इथेच टेक्सासमध्ये शाळेत गणित शिकवतो आणि क्वार्टरबॅक्सना कोच करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा प्रश्न जवळपास दर सीझनला ऑक्टोबर आला की कुणीतरी विचारतंच. जरा सविस्तर लिहितो कारण दोन ओळींत उत्तर दिलं तर अन्याय होईल, तुमच्यावर नाही, त्या पोरावर.

आधी थेट उत्तर. तुम्ही जे सांगितलंय त्यावरून आत्ता बसवू नये असं माझं मत आहे. पण "स्टार्टरला कधीच हात लावू नका" असंही मी म्हणत नाही, मी स्वतः सीझनच्या मधे क्वार्टरबॅक बदलायचा सल्ला हेड कोचला दिलाय आणि तो बरोबर होता. फक्त लोक प्रश्नच चुकीचा विचारतात. "हा वाईट खेळतोय का?" हा प्रश्न नाहीये. प्रश्न असा आहे की दुसरा आला तर बाकीच्या दहा जणांचं काम सोपं होणार आहे का. क्रिकेटमध्ये ओपनर बदलला तर पाच नंबरच्या बॅट्समनचा स्टान्स बदलावा लागत नाही. इथे क्वार्टरबॅक बदलला की बॉल मागे देणाऱ्या सेंटरपासून बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकपर्यंत प्रत्येकाचं टायमिंग बदलतं. म्हणून हा एका माणसाचा निर्णय नसतोच, अकरा जणांचा असतो.

१-४ हा आकडा बघून घाबरू नका हे पण सांगतो. ६ए मध्ये प्लेऑफला कोण जाणार हे डिस्ट्रिक्टच्या रेकॉर्डवर ठरतं, पहिल्या चार टीम जातात, आधीच्या नॉन-डिस्ट्रिक्ट मॅचेस त्यात धरतच नाहीत. म्हणजे तुमची टीम खरं तर १-१ आहे आणि पाच मॅच बाकी आहेत. स्टँडमध्ये बसून १-४ दिसतं, कोचच्या ऑफिसमधल्या बोर्डवर १-१ लिहिलेलं असतं. एवढ्यात सीझन गेला म्हणून पुढच्या वर्षीच्या पोराला घाला हा विचार अजून करायची वेळच आलेली नाही.

आता ठरवायचं कसं. आम्ही शनिवारी सकाळी मॅचची फिल्म लावतो आणि मी फसलेली प्रत्येक प्ले (ठरवून खेळलेली चाल) वेगळी काढतो, आणि प्रत्येकीपुढे एकच गोष्ट लिहितो, आधी कोण चुकलं. शेवटी कोण चुकलं नाही, आधी कोण. कारण शेवटी बॉल नेहमी क्वार्टरबॅकच्याच हातात असतो, त्यामुळे शेवटची चूक कायम त्याच्याच नावावर दिसते. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमधला टॅकल दोन सेकंदात हरला, रिसीव्हर बारा यार्डवर वळायच्या ऐवजी नऊवर वळला, रनिंग बॅकने ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर धावून येणारा जादा माणूस) अडवला नाही, किंवा आम्हीच कोच लोकांनी थर्ड अँड फिफ्टीनला (तिसरा प्रयत्न, पंधरा यार्ड हवेत) भलतीच प्ले दिली, हे सगळं स्टँडमधून "काय फेकतोय हा!" असंच दिसतं. माझा अंदाज साधा आहे, दहा फसलेल्या प्लेमध्ये चार-पाच जर आधी क्वार्टरबॅकपासूनच बिघडत असतील, म्हणजे लाइनने वेळ दिलाय, माणूस मोकळा आहे आणि तरी बॉल उशिरा जातोय किंवा जातच नाहीये, तर बदलाचा विचार करा. दोन-तीनच असतील तर तुम्ही चुकीचा माणूस बसवताय.

एक प्ले जवळून सांगतो म्हणजे कळेल मी काय बघतो ते. थर्ड अँड एट, शॉटगन (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही पावलं मागे). डावीकडचा रिसीव्हर बारा यार्ड पळून आत वळणार आहे, उजवा टॅकल नवखा आहे आणि समोरच्या डिफेन्सचा एंड (कडेचा माणूस) त्याच्या आतून घुसतो. आता फिल्म थांबवा आणि क्वार्टरबॅकच्या हेल्मेटची जाळी कुठे बघतेय ते बघा. रिसीव्हर वळायच्या आधी जाळी वर असली, मैदानाकडे, तर पोरगा खेळतोय, मार बसला तरी चालेल पण त्याचं डोकं ठिकाणावर आहे. जाळी खाली आली, म्हणजे तो रिसीव्हरऐवजी धावून येणाऱ्या माणसांकडे बघायला लागला, तर गडबड आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या क्वार्टरमध्ये लाइनने चांगलं ब्लॉक केलंय, कुणीच आलेलं नाहीये, तरी जाळी खालीच आणि पाय मागे मागे सरकतायत. हे दिसलं की मी हेड कोचकडे जातो. त्याच्यात दम नाही असं मुळीच नसतं, इतके फटके खाल्ले की शरीर आधीच फटक्याची तयारी करायला लागतं, सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं तर फारच लवकर. अशा पोराला एक-दोन आठवडे बाहेर उभं करणं हे त्याच्यासाठीच चांगलं असतं आणि तिथे मी हारजीत बघतच नाही.

डेव्हिड कार आठवतोय का कुणाला? २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स नवीन टीम होती, कार ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पहिला पिक, आणि पहिल्याच सीझनमध्ये तो ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला, एनएफएलचा (प्रोफेशनल लीगचा) रेकॉर्ड आहे तो. त्याच्यापुढे लाइनच नव्हती, आणि पुढची वर्षंही फार वेगळी गेली नाहीत. जे व्हायला हवं होतं ते त्याचं कधी झालंच नाही, आणि मला आजही वाटतं की त्याला सुरुवातीला बाहेर बसवून आधी लाइन बांधायला हवी होती.

उलट बाजूचं उदाहरण ब्राइस यंगचं. २०२३ चा पहिला पिक, कॅरोलिना पँथर्स, पहिल्या वर्षी ६२ सॅक आणि टीम २-१५. २०२४ ला पहिल्या दोन्ही मॅच हरल्यावर नवीन कोच डेव्ह कनालेसने त्याला बसवून अँडी डाल्टनला आणलं. डाल्टनने रेडर्सना ३६-२२ हरवलं, सगळे म्हणाले बघा, प्रॉब्लेम यंगच होता, आणि त्यानंतर डाल्टन लागोपाठ चार हरला. मग डाल्टनचा कार अपघात झाला, अंगठा दुखावला, म्हणून यंग परत आला, आणि परत आलेला यंग वेगळाच होता, सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये अटलांटात ओव्हरटाइममध्ये ४४-३८ जिंकले त्यात त्याचे तीन पासिंग आणि दोन रनिंग टचडाउन (बॉल शेवटच्या पट्ट्यात नेणं). बाहेर उभं राहून त्याला मॅच हळू दिसायला लागली असं मला फिल्म बघताना वाटलं. पण रेकॉर्डही बघा, टीम ५-१२ च संपली. म्हणजे बसवल्याने टीम सुधारली नाही, पोरगा सुधारला. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कोचने आधीच ठरवायला लागतं की आपण कशासाठी करतोय.

आता माझ्या मते ज्याचा सगळ्यात जास्त अभ्यास व्हायला हवा तो बफेलो बिल्सचा २०१७ चा प्रकार. बिल्स ५-२ होते, मग जेट्सशी हरले आणि पुढच्या आठवड्यात सेंट्सनी त्यांना ४७-१० धुतलं. त्या मॅचमध्ये सेंट्सनी पळून पळून २९८ यार्ड काढले, सहा रनिंग टचडाउन. परत वाचा, रनिंग. म्हणजे भगदाड डिफेन्समध्ये, रन अडवण्यात. आणि कोच शॉन मॅकडरमॉटने काय केलं, क्वार्टरबॅक टायरॉड टेलरला बसवलं! टीम ५-४ होती, प्लेऑफच्या शर्यतीत होती, आणि ड्राफ्टच्या पाचव्या राउंडचा रूकी (पहिल्याच वर्षाचा) नेथन पीटरमन चार्जर्सच्या मैदानावर उभा केला, समोर क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे जोई बोसा आणि मेल्विन इंग्रम. पहिल्या हाफमध्ये पाच इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). पहिलं तर त्याच्याच फुलबॅकच्या हाताला लागून उडालं, त्यात त्या पोराचा दोषही नव्हता फारसा, पण मग जो पळापळीचा खेळ झाला तो झाला. ५४-२४. हाफटाइमनंतर टेलर परत आला, पुढच्या आठवड्यात त्यालाच स्टार्ट मिळाला, कॅन्सस सिटीला १६-१० हरवलं, आणि टीम ९-७ करून १९९९ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेली, त्याच टेलरला घेऊन. मॅकडरमॉट चांगला कोच आहे, त्याने पुढे ते सिद्धही केलं, पण "काहीतरी करायला हवं" ह्या दबावाखाली चांगला कोचही डिफेन्सचा राग क्वार्टरबॅकवर काढतो, कारण तोच एक माणूस बदलला की सगळ्यांना दिसतं. डिफेन्सचा लाइनबॅकर बदलला तर पेपरात बातमी येत नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्सचं. २-९ रेकॉर्ड, ओडेल बेकहॅम आणि ब्रँडन मार्शल दोघं रिसीव्हर इंज्युरीने सीझनभर बाहेर, लाइन कमकुवत, आणि कोच बेन मॅकअडूने क्वार्टरबॅक इलाय मॅनिंगला बसवलं, ज्याने लागोपाठ २१० मॅच स्टार्ट केल्या होत्या आणि दोन सुपर बोल (एनएफएलच्या फायनल) जिंकून दिलेत. त्याला म्हणे तू स्टार्ट कर, हाफटाइमला काढतो, म्हणजे रेकॉर्ड चालू राहील. इलायने नको म्हटलं, आणि बरोबरच केलं त्याने. जीनो स्मिथ खेळला, तसा वाईट नाही खेळला, पण दोन फंबल (हातातून सुटलेले बॉल) गेले, ओकलंडमध्ये २४-१७ हरले आणि दुसऱ्या दिवशी कोच आणि जनरल मॅनेजर दोघंही गेले. पुढच्या मॅचला इलाय परत स्टार्टर. मला त्यात जे खटकतं ते हे की बेकहॅम नव्हता, मार्शल नव्हता, लाइन तीच, मग जीनो येऊन बॉल फेकणार कुणाला? बाकी दहा जणांचं काम तिळभरही सोपं झालं नाही.

मग बदल कधी चालतो? टेनेसी, २०१९. क्वार्टरबॅक मारकस मॅरिओटा, २०१५ चा दुसरा पिक, टीम २-४, डेन्व्हरमध्ये १६-० ने हरले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्येच त्याला काढलं. रायन टॅनहिल आला, जो मायामीने नको म्हणून दिलेला होता. पुढे त्याच्या हातात टीम ७-३, प्लेऑफमध्ये न्यू इंग्लंडला २०-१३, बाल्टिमोरला २८-१२, थेट एएफसी फायनलपर्यंत (सुपर बोलच्या आधीची पायरी). लोक म्हणतात लाइन सुधारली. थोडं खरं आहे, लेफ्ट टॅकल टेलर लेवान पहिल्या चार मॅच सस्पेंड होता तो परत आला होता. पण टॅनहिलही भरपूर वेळा सॅक झाला! फरक दुसरीकडे होता. रनिंग बॅक डेरिक हेन्रीला बॉल दिल्यासारखं करून प्ले-ॲक्शनवर लाइनबॅकर पुढे खेचायचे आणि त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत बॉल वेळेवर टाकायचा, हे मॅरिओटा बिचकत करायचा आणि टॅनहिल न घाबरता करायचा, मार खाऊन करायचा. पासमागे सरासरी ९.६ यार्ड काढले त्याने. आणि एकदा पाठीमागे बॉल जायला लागला की डिफेन्सला हेन्रीसमोर आठ-आठ माणसं उभी करणं परवडेना, हेन्री १५४० यार्ड करून लीगमध्ये पहिला आला. एक माणूस बदलला आणि रनिंग बॅक, रिसीव्हर, लाइन सगळ्यांचं काम हलकं झालं. हीच ती कसोटी मी वर म्हटली ती. आणि लक्षात घ्या, टॅनहिल सोफोमोर नव्हता, मुरलेला खेळाडू होता.

बॅकअप कोण आहे हे बघितल्याशिवाय ह्या प्रश्नाला अर्थच नाही. पहिल्या आठवड्याच्या चमकीवर तर अजिबात जाऊ नका. २०२२ ला न्यूयॉर्क जेट्सने क्वार्टरबॅक झॅक विल्सनला बसवलं, माइक व्हाइटने शिकागोला ३१-१० हरवलं, न्यूयॉर्क नाचलं, टीम ७-४ झाली आणि पुढच्या सहाही हरून ७-१० संपली. कारण नव्या पोराची फिल्म समोरच्या डिफेन्सकडे नसते. दोन मॅचची फिल्म जमली की तो कुठे बघतो, डावीकडे पळताना फेकतो का, सगळं त्यांना कळतं. हायस्कूलमध्ये पण आता प्रत्येक मॅच ऑनलाइन चढते, शनिवारी दुपारपर्यंत पुढच्या टीमने बघून झालेली असते.

तुमच्या सोफोमोरबद्दल. तो आत्ता गुरुवारी जेव्ही (शाळेची दुसरी टीम) खेळत असेल. टेक्सासमध्ये एका पोराला आठवड्यात एकच मॅच खेळता येते, म्हणजे त्याला शुक्रवारी व्हर्सिटीला (शाळेच्या मुख्य टीममध्ये) उभं करायचं तर त्याची गुरुवारची मॅच गेली. तिथे तो अख्खी मॅच खेळतो, चुका करतो, शिकतो. इथे येऊन चौथ्या क्वार्टरमध्ये सहा प्ले खेळला तर त्यात त्याचं नुकसान जास्त. आणि सराव मोजकाच असतो, शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तास आणि वर तो रोजचा ॲथलेटिक्सचा पिरियड. त्यात पहिल्या टीमबरोबरचे बहुतेक रेप्स (सरावात प्ले खेळायच्या संधी) स्टार्टरला जातात, बॅकअप स्काउट टीमवर पुढच्या शत्रूच्या प्ले कार्डवर बघून चालवत असतो, म्हणजे आपल्या प्लेज त्याने आठवडाभर धड केलेल्याच नसतात. स्टँडमधून हे दिसत नाही.

आणि बारीक गोष्टी किती असतात बघा. लाइनमधली पोरं क्वार्टरबॅकच्या आवाजावर उठतात. सिनियरचा "हट" भरीव आणि थोडा लांबवलेला, सोफोमोरचा तुटक, अर्धा ठोका आधी. मंगळवारी पहिल्यांदा नवीन आवाज आला की गार्ड दोनदा-तीनदा आधीच हलतो, मॅचमध्ये तेच म्हणजे फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड मागे, फर्स्ट अँड फिफ्टीन, आणि मग त्या नवीन पोराकडून तुम्ही लांबचा पास मागताय. सेंटरचा स्नॅप (मागे दिलेला बॉल) सिनियरच्या उंचीला सवयीने छातीवर जातो, तोच बुटक्या पोराच्या चेहऱ्यावर येतो, त्याची नजर डिफेन्सवरून हलते, संपलं. हे सगळं सुटतं, पण त्याला सोमवार ते गुरुवार पूर्ण आठवडा द्यावा लागतो, पहिल्या टीमचे सगळे रेप्स देऊन. म्हणून माझा हट्ट असतो की बदलायचं तर रविवारी ठरवा, मॅचच्या मधे रागाने नाही.

कॉलेज फुटबॉलमधल्या अलाबामाचं उदाहरण हमखास येतं ह्यावर, म्हणून सांगतो. जानेवारी २०१८, नॅशनल चॅम्पियनशिप, हाफटाइमला १३-० पाठीमागे, जेलन हर्ट्सला बसवून कोच निक सेबनने फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) टुआ टॅगोवायलोआला आणलं, ओव्हरटाइममध्ये ४१ यार्डचा पास, २६-२३. भारी निर्णय, वादच नाही. पण टुआ वर्षभर एकतर्फी मॅचेसच्या दुसऱ्या हाफमध्ये खेळत होता, त्याच रिसीव्हर्सबरोबर, आणि ती सगळी पोरं पुढे एनएफएलला गेलेली. तुमच्याकडे टुआ बाकावर बसलाय का? आणि हर्ट्सचं पुढे काय झालं तेही विसरू नका, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टुआ जखमी झाला तेव्हा हर्ट्सने बाकावरून उठून जॉर्जियाला ३५-२८ हरवलं, आणि पुढे फिलाडेल्फियाबरोबर सुपर बोल जिंकून एमव्हीपी (मॅचचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. बसवलेल्या पोराला ज्या टीमने मान दिला त्या टीमला तो परत उपयोगी पडला. डेन्व्हरमध्ये २०१५ ला तेच, पेटन मॅनिंग चार इंटरसेप्शन फेकून बाहेर गेला, ब्रॉक ऑस्वाइलरने सात मॅच खेळल्या, पाच जिंकल्या, आणि शेवटच्या मॅचला मॅनिंग परत आत आला आणि सुपर बोल घेऊन गेला. खांदा गेलेला, पाय दुखत होता, पण लाइन ऑफ स्क्रिमेजवर (जिथून प्ले सुरू होते त्या रेषेवर) उभं राहून डिफेन्स वाचणं त्याच्याइतकं कुणालाच जमत नव्हतं, आणि तो डिफेन्स इतका जबरदस्त होता की क्वार्टरबॅकने चूक न करणं पुरे होतं.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. एक, आलटून पालटून, एक सिरीज (सलग प्लेजचा एक डाव) हा आणि एक सिरीज तो. दोघांपैकी कुणालाच लय सापडत नाही आणि लाइनला दोन आवाज. दुसरी, "एक चूक केलीस की बाहेर". असा पोरगा प्रत्येक प्लेनंतर साइडलाइनकडे बघायला लागतो आणि मग सेफ म्हणून तीन यार्डचे पास फेकत बसतो. ठेवायचा तर ठेवा, काढायचा तर काढा, आणि काढलाच तर हेड कोचने आधी त्याला एकट्याला, समोरासमोर, सोमवारच्या प्रॅक्टिसच्या आधी सांगायचं. टीमला नंतर. पालकांना तर सगळ्यात शेवटी.

तुमच्या टीमचं मी असं करेन. पुढच्या दोन मॅच सिनियरच, पण प्लेज बदलून, पटकन सुटणारे पास, नवख्या टॅकलच्या बाजूला टाइट एंड (ब्लॉकही करणारा रिसीव्हर) उभा करून मदत, आणि रन जास्त. त्यानंतरही डिस्ट्रिक्टमध्ये १-३ झालं आणि फिल्मवर ती जाळी खालीच दिसत असेल, तर पूर्ण आठवडा देऊन सोफोमोरला आणा आणि उरलेला सीझन त्याचाच ठेवा, मग तो पहिल्या मॅचला तीन इंटरसेप्शन फेकू दे, हलवू नका.

आणि स्टँडमध्ये ओरडणाऱ्यांना जमलं तर तुम्हीच सांगा, त्या सिनियरची आई बहुतेक दोन रांगा पुढे बसलेली असते. मुलाला सांगा प्रॅक्टिसनंतर दोघांकडूनही बॉल पकडत जा, स्टार्टर कोण का असेना. सोफोमोर डावखुरा असेल तर हे आजपासूनच सुरू करू दे, डावऱ्याच्या हातून सुटलेला बॉल उलटा फिरतो आणि खांद्यावरून येणारा लांबचा पास पकडताना हात सवयीच्या जागी जातात नि बॉल निसटतो, हाताला ते वळण पडायला दोन-तीन आठवडे सहज लागतात.